साहेबाचं चुकलेलं अक्षर

जानरावाला जर्मन भाषेतला एकच शब्द येत होता, आणि त्या एका शब्दावर तो अख्ख्या अमरावतीत ताठ मानेने हिंडत असे. उरलेल्या अमरावतीला तोही येत नव्हता, त्यामुळे ताठ मान खपून जात असे.

ते कापसाचे दिवस होते. सातासमुद्रापलीकडे अमेरिकेत लढाई जुंपली होती, तिकडचा कापूस विलायतेला पोचेना, आणि वऱ्हाडातल्या रुईला असा काही मान आला होता की लोकांनी घरच्या गाद्याही उसवल्या. रुईच्या वासावर मुंबईहून नाना देशांचे गोरे आले. त्यांतलाच एक क्लिंगर साहेब. हा इंग्रज नव्हे, जर्मन. लोकांना त्यातला फरक कळत नव्हता आणि साहेबाला तो रोज समजावून सांगायचा कंटाळा येत नव्हता. गावाबाहेर त्याने मोठं आवार घेतलं होतं. आवाराच्या मधोमध एक लाकडी पेच होता. आठ गडी तो गरगर फिरवत आणि खालच्या खड्ड्यात टाकलेली रुई दाबून दाबून तिची दगडासारखी घट्ट गठाण करत. दोर आवळून वर गोणपाट शिवलं की गठाण जानरावापुढे येई.

जानरावाचं काम अक्षरं मारायचं. त्याच्या पेटीत पत्र्याचे तुकडे होते, एकेका तुकड्यात एकेक विलायती अक्षर कोरून काढलेलं. पत्रा गोणपाटावर धरायचा, काजळीची शाई बोळ्याने वरून थापायची आणि पत्रा उचलायचा, की खाली अक्षर उमटलेलं. साहेबाने त्याला अक्षरांची नावंही शिकवली होती, अर्थात आपल्या भाषेतली. आ, बे, त्से, डे. जानराव ती शेजारपाजारच्या पोरांना मंत्रासारखी म्हणून दाखवी.

आणि तो एक शब्द. काही बिलंदर लोक रुईवर पाणी मारून आणत. अशी ओली गठाण साहेब बाजूला काढी, उन्हात ठेवी आणि तिच्यावर मारायला लावी: वे, आ, एर, टे, ए, एन. म्हणजे थांबायचं, वाट पाहायची, ही गठाण एवढ्यात हलवायची नाही. उच्चाराचे धडेही झाले होते. पहिलं अक्षर इंग्रज लोक ओठांचा चंबू करून म्हणतात, तसं करायचं नाही. खालचा ओठ दातांना लावून सरळ 'व' म्हणायचा. एर लिहायचा, पण बोलताना घशात गिळून टाकायचा. मागचा ए सुद्धा जवळजवळ गिळायचाच. एवढं सगळं गिळून झाल्यावर जे तोंडाबाहेर पडे ते जानरावाच्या कानाला 'वाटन' असं लागे. त्याने खूणगाठ बांधली: वाटन म्हणजे वाट पाहणं. हा शब्द जर्मनांनी वऱ्हाडातूनच नेला असणार असं तो छातीठोकपणे सांगे आणि ऐकणारे माना डोलवत.

त्या चैत्रात त्याच्या बायकोला, रुख्मिणीला, सातवा महिना लागला. पहिलटकरीण. माहेर बोरगाव मंजूला, अकोल्याच्या अलीकडे. साहेबाच्या गठाणीही अकोल्यालाच जात, कारण आगगाडी तोवर तिथपर्यंतच आली होती आणि पुढचा सगळा रस्ता बैलांचा होता. जानरावाने मुकादमाला गळ घातली आणि सूर्यभान गाडीवानाच्या गाडीवर बायकोची सोय केली. सूर्यभान तिच्या माहेरचा, नात्याने मामा लागणारा, आणि बैलांना शिव्या न देता हाकणारा म्हणून सगळ्या रस्त्यावर प्रसिद्ध.

आदल्या संध्याकाळी पेचातून शेवटची गठाण निघाली ती एकतीस नंबरची. तिच्यावर तीन आणि एक जानरावानेच मारले. ती चांगली चौकोनी बसली होती, म्हणून हट्ट करून त्यानेच ती सूर्यभानाच्या गाडीत चढवून घेतली आणि वर गोधडी अंथरली. बायकोला बसायला सपाट जागा हवी, हा एवढाच विचार.

पहाटे अकरा गाड्या निघाल्या. रुख्मिणी सर्वांत मागच्या गाडीवर चढली.

"पाय लांब करून बस. झोप आली तं आडवी होय," जानराव म्हणाला.

"तुमी कधी येसान?"

"पेच बंद झाला का आलोच."

"साह्यबाले नीट सांगून ठेवा. नाई तं तुमी असेच बसान अक्षरं मारत," ती हसली, आणि गाडी हलली.

तासाभराने, ऊन वर यायच्या आत, साहेब पडला.

साहेबाने काय पाहिलं ते जानरावाला दुपारी कळलं, पण ऐकणाऱ्याने आत्ताच ऐकून ठेवलेलं बरं. साहेब रोज सकाळी पेचाच्या खड्ड्यात स्वतः उतरून तो झाडून घेतला आहे की नाही हे पाही. त्या दिवशी तळाच्या फळीवर त्याला तळहाताएवढा डाग दिसला. फळी जळून कोळसा झाली होती, आणि बाजूला मूठभर काळी पडलेली रुई. आदल्या संध्याकाळी कोणाच्या तरी चिलमीतला निखारा खड्ड्यात पडला होता, त्याच्यावर रुई पडली होती, आणि आठ गड्यांनी पेच फिरवून दोन्ही एकत्र दाबून टाकली होती. दाबलेल्या रुईत निखारा मरत नाही. धूर नाही, ज्वाळा नाही. आतल्या आत कुरतडत तो तासन्‌तास, कधी दिवसचे दिवस, बाहेर सरकत राहतो, आणि वारा लागला की मग उठतो. तो निखारा आता एकतीस नंबरच्या गठाणीत होता, आणि तिच्यावर गोधडी टाकून सात महिन्यांची पोटुशी रुख्मिणी अकोल्याकडे निघाली होती.

साहेब जळकी रुई मुठीत धरून खड्ड्यातून वर आला, ओरडत फाटकाकडे धावला, आणि दहा पावलांवर कोसळला. उजवं अंग गेलं. तोंड वाकडं झालं. त्याला हिंदुस्थानी येत होती, मोडकं मराठी येत होतं, इंग्रजी येत होती. तो वाताचा झटका हे सगळं घेऊन गेला. मागे उरली फक्त आईची भाषा, आणि तीही एका शब्दापुरती.

गडी जमले. साहेबाच्या वाकड्या तोंडातून लाळेबरोबर पुन्हा पुन्हा तेच बाहेर येत होतं. "वा...न. वा...न."

"वारलो म्हणते!" मुकादम पंजाबराव किंचाळला. "अरे बाप्पा, मी वारलो म्हणते साह्यब!"

"वारलेला मानूस असा बोंबलते का, लेका?" रुई निवडणाऱ्या बायांची म्होरकी मनकर्णाबाई त्याच्यावर खेकसली. "जानरावले बलवा. त्याले साह्यबाची भाषा येते."

जानराव आला, आणि सगळे बाजूला सरले. ते असे बाजूला सरले याचं, खोटं कशाला बोला, त्याला त्या घाईतही बरं वाटलं. तो गुडघ्यावर बसला, कान साहेबाच्या तोंडाशी नेला. वा... न. मधला 'ट'चा ठोका ऐकू येत नव्हता, पण अर्धी जीभ लुळी पडलेल्या माणसाकडून कोण ठोक्याची अपेक्षा करणार? तो ठोका जानरावाने स्वतःच्या पदरचा घातला.

"वाटन म्हणते," त्याने उठून सांगितलं. "थांबा म्हणते साह्यब. डाक्टर येईपर्यंत कोनी काई करू नोका. आहे तसं राहू द्या."

साहेबाने डावा हात जमिनीवर आपटला. एकदा, दोनदा. लोकांना वाटलं, कळ आली.

मग सगळे थांबले. गोऱ्या डॉक्टरकडे माणूस धाडला होता, पण डॉक्टर एलिचपूरकडे गेलेला. साहेबाला ओसरीवर खाटेवर निजवलं. पेच बंद. गडी सावलीला बसले आणि हळू आवाजात बोलू लागले. जानराव पंखा घेऊन उशाशी बसला. साहेब तोच शब्द म्हणत राहिला, जानराव दर वेळी मान डोलवून "हो साह्यब, वाटन, वाटन" म्हणत राहिला, आणि दर वेळी साहेबाच्या डोळ्यांतून पाणी येई. तिकडे बैल चालत होते. तास गेला, दुसरा गेला.

मनकर्णाबाई पाणी घेऊन आली. साहेबाने पाणी घेतलं नाही. ती जरा वेळ उभी राहून त्याच्याकडे बघत राहिली.

"जानराव, हा थांबा म्हणत नाई."

"तुले काय समजते त्याच्या भाषेतलं?"

"भाषा नाई समजत. डोये पाह्य ना त्याचे. सोताच्या मरनाले भेलेला मानूस मी पाह्यला हाये, माह्या सासऱ्याले पाह्यलं. हा तसा नाई भेला. हा दुसऱ्यासाठी भेला हाये."

जानराव वरकरणी हसला, पण ते त्याला लागलं. खात्री करून घ्यावी, बाईचं तोंड बंद करावं, म्हणून त्याने पत्र्यांची पेटी आणून खाटेवर साहेबाच्या डाव्या हाताशी उपडी केली. साहेबाचे डोळे असे लकाकले की जानराव दचकला. साहेबाने एका हाताने पत्रे चाळले. वे काढला. आ काढला. एर काढला. बघ, म्हटलं नव्हतं? अशा नजरेने जानरावाने मनकर्णाबाईकडे पाहिलं.

साहेबाने चौथा पत्रा ठेवला. एन.

पेटीत प्रत्येक अक्षराचा एकच पत्रा होता. एन एकच, आणि त्याची जागा सर्वांत शेवटी, हे जानरावाला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. शेकडो गठाणींवर त्याने तो शब्द मारला होता. बिचाऱ्याचं डोकं फिरलंय, मागचं अक्षर पुढे घेतोय, असं मनाशी म्हणत त्याने मोठ्या मायेने एन उचलून शेवटी नेऊन ठेवला, त्याच्या जागी टे ठेवला, आणि मधे ए बसवला. "असं पायजे, साह्यब."

साहेबाने हाताच्या पाठीने टे उडवून दिला. पत्रा फरशीवर खणखणला. एन पुन्हा चौथ्या जागी आला.

जानरावाने पुन्हा सुधारलं. साहेबाने पुन्हा मोडलं. ऊन आता बरोबर डोक्यावर आलं होतं आणि ओसरीत एक श्वास घ्यायला मिळत नव्हता. जानरावाने तिसऱ्यांदा, जरा रागानेच, टे आणून बसवला. तेव्हा साहेबाने तो पत्रा उचलला आणि त्याच्या तोंडावर भिरकावला.

भुवईवर चीर गेली. रक्त डोळ्यात उतरलं. साहेबाने एन चौथ्या जागी ओढला, पुढे ए ठेवला, आणि शेवटच्या रिकाम्या जागेवर बोट टेकवून मग पुन्हा त्याच एनवर टेकवलं. इकडे, तिकडे. इकडे, तिकडे. त्याच्या घशातून आवाज निघत होता तो ऐकवत नव्हता.

एन दोनदा आहे. जानरावाच्या डोक्यात ते शिरलं आणि त्याला एकदम भीती वाटली. हा वेगळा शब्द होता. साहेबाचं चुकत नव्हतं. सकाळपासून साहेब काहीतरी दुसरंच सांगत होता आणि आपण साऱ्या लोकांना, अख्ख्या आवाराला, थांबवून ठेवलं होतं. काय सांगत होता? ते मात्र कळायला मार्ग नव्हता. त्याने गोणपाटाच्या तुकड्यावर घाईघाईने सहा अक्षरं मारली आणि उघड्या डोक्याने तारघराकडे पळत सुटला.

तारबाबू केशवराव पुण्याकडचा. तो जेवायला उठतच होता.

"ही इंग्रजी नव्हे," गोणपाट लांब धरून तो म्हणाला. शाई ओली होती.

"जर्मन हाये, बाबूसाह्यब."

"मग मला का विचारतोस?"

"अजून कोनाले विचारू, तुमीच सांगा. साह्यब मरून राह्यला अन् हेच म्हणून राह्यला."

केशवरावाने त्याच्या रक्ताळलेल्या भुवईकडे पाहिलं आणि पुन्हा खाली बसला. त्याने शेवटच्या दोन अक्षरांवर अंगठा ठेवला. "शेपूट झाकलं तर इंग्रजी दिसतं खरं. वॉर्न." त्याने ओठांचा चंबू केला. "त्यांच्यात शेपूट लावतात वाटतं क्रियापदाला. जर्मन आणि इंग्रज तसे भाऊबंदच. पण हमी देत नाही हं मी."

"मंग त्याचा अर्थ?"

"सावध करणे. धोका आहे, तो आधी कळवणे."

"अन् एनच्या जागी टे असला तं?"

"टी? मग वॉर्ट. चामखीळ." केशवराव हसला. "चामखिळीसाठी तुझा साहेब एवढा आकांत करणार नाही."

जानराव हसला नाही. परतीच्या वाटेवर त्याच्या तोंडात तो शब्द आपोआप फिरत होता, साहेबाच्या पद्धतीने, खालचा ओठ दातांना लावून, एर गिळून. वानन. वारनन. लहानपणी आई त्याच्यावरून मीठमोहऱ्या ओवाळताना पुटपुटायची, पोरावरचं सगळं संकट वारू दे, टळू दे. तोच शब्द धरला असता तरी तो अर्थाच्या जास्त जवळ पोचला असता. पण त्याने धरली होती ती वाट.

"कोनाले सावध करू, साह्यब?" तो ओसरीवर चढता चढताच ओरडला. "कोनाले?"

साहेबाला प्रश्न कळला की नुसता सूर कळला कोण जाणे, पण त्याचा डावा हात पत्र्यांकडे गेला. अक्षरं बाजूला सारून त्याने आकडे शोधले. तीन. आणि एक.

"हे पाह्य," मनकर्णाबाई मागून म्हणाली. तिने साहेबाची लुळी मूठ उघडून पुसायला घेतली होती. बोटांवर दिसत होतं तेच काळं आत चुरगळलेल्या रुईत आणि तळहातावर भरलं होतं. सकाळपासून सगळ्यांना ती जानरावाची शाई वाटली होती. "हे तुही काजळी नोहे. वास घे."

जळक्या रुईचा वास वऱ्हाडातल्या माणसाला सांगावा लागत नाही.

एकतीस. तीन आणि एक, त्याच्याच हाताने मारलेले, अजून नखांत ती शाई होती. सपाट बसली म्हणून निवडलेली. त्याने स्वतः तिच्यावर गोधडी सारखी केली होती. अकोल्याला तार करावी? तार गाड्यांच्या डोक्यावरून झरकन निघून जाईल, आणि गाड्या अकोल्याला पोचणार चौथ्या दिवशी. त्याने साहेबाचा घोडा सोडला. तो जन्मात घोड्यावर बसला नव्हता.

त्या रस्त्याचं त्याला पुढे कधी नीट सांगता आलं नाही. आयाळ धरून तो घोड्याच्या मानेवर पालथा पडला होता एवढं आठवे. आणि धूर. चैत्रात कापसाची रानं मोकळी होतात, लोक कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्या उपटून धुऱ्यावर, शेताच्या बांधाला, पेटवून देतात, हे त्याला काय ठाऊक नव्हतं? पण त्या दिवशी बडनेऱ्यापर्यंत प्रत्येक रानातून धुराची एक काठी उभी होती, आणि प्रत्येक काठी दिसली की तो मान वर करून बघे. ही तीच. नाही, ही नाही. मग ती पुढची. एका ठिकाणी रस्त्याच्या अगदी कडेला मोठा जाळ दिसला आणि भोवती माणसं. तो घोड्यावर बसल्या बसल्या रडू लागला. जवळ गेल्यावर दिसलं, दोघं म्हातारा-म्हातारी काटेरी फांद्या जाळत होती. त्यांनी त्याला पाणी विचारलं. त्याने घोडा थांबवला नाही.

अंबामाय, त्याने मनात म्हटलं, माझी जीभ ने. साहेबासारखी ने. पण तिला उतरव.

बडनेरा ओलांडून दोन कोसांवर ओढ्याकाठी गाड्या दुपारच्या थांबल्या होत्या. उन्हं कलल्यावर नुकत्याच पुन्हा जुंपून त्या रांगेने निघत होत्या. सर्वांत मागे सूर्यभानाची. वर रुख्मिणीचं हिरवं लुगडं. धूर नव्हता. जानरावाला आधी ते खरं वाटेना.

"थांबाऽऽ!" तो ओरडला. "थांबाऽऽ!"

सूर्यभानाने कासरा ओढला. गाडी थांबली. आणि रुख्मिणी, नवरा थांब म्हणतो म्हणून, पदर सारखा करून जागच्या जागी बसून राहिली.

चुकीचं बोललो. त्याला ते बोलता क्षणीच कळलं. थांब नाही, उतर. उतर म्हणायला हवं होतं. तो घोड्यावरून घसरला, गुडघे फुटले, उठला, धावू लागला. पण छातीत श्वासच नव्हता आणि ओठ नुसते हलत होते.

"अवो, घोड्यावर? तुमी?" ती तोंडावर पदर धरून हसत होती. "काय इसरली मी? अन् भुवईले काय झालं? इतकं कायले पयत आले, मी का पयून चालली होती?" आणि मग, तो जवळ आला तेव्हा, आपल्या बसण्यावर हात थोपटत म्हणाली, "हे गठाण लय गुनाची हाये बरं. दुपारी तापली ते तापूनच हाये. माही कंबर इतकी ठनकत होती, अशी शेकून निघाली का बस."

त्याने तिचा हात धरला आणि ओढली. सात महिन्यांची पोटुशी बाई, तो तिच्या खाली पडला आणि ती त्याच्या अंगावर. ती घाबरून ओरडली. सूर्यभान चाबूक उगारून उतरला, मामा शेवटी.

"आग," जानरावाला आवाज फुटला. "मामा, गठानीत आग हाये. बैल सोडा."

सूर्यभानाने एक शब्द विचारला नाही. जू उचललं, बैल काढले, लांब हाकलले. पुढच्या गाड्यांवरचे गडी धावत आले. दोघांनी लाकडं लावून गठाण मागच्या बाजूने ढकलली. ती जमिनीवर आपटली, एक दोर तुटला, गोणपाटाची शिवण उसवली, आणि आतून एक लाल पोकळी दिसली. हंड्याएवढी मोठी, चमकणारी, अगदी गप्प. ओढ्याकडून वाऱ्याची झुळूक आली तशी ती पोकळी हुंकारली आणि जाळ बाभळीच्या शेंड्यापर्यंत गेला. सूर्यभानाची दाढी होरपळली. गाडी पेटली, तिच्यावरच्या उरलेल्या दोन गठाणी पेटल्या. कोणी विझवायला गेलं नाही. गडी नुसते मागे मागे सरत गेले.

गोधडी तेवढी रुख्मिणीबरोबर खाली आली होती. ती उलटी पडली होती. तिच्या खालच्या बाजूला थाळीएवढा डाग होता, कडेला तांबूस आणि मधे काळा. रुख्मिणीने त्या डागात बोट घातलं तर कापड चुरून हाताला आलं. ती किती तरी वेळ बोटाकडे पाहत राहिली.

सूर्यभानाने एका गड्याला साहेबाच्या घोड्यावर बसवलं. "जाय, साह्यबाले सांग, पोरगी वाचली म्हून."

"कोन्या भाषेत सांगू?"

"मान हालव. त्याले समजल."

घोडा गेला. उन्हं आणखी कलली. जानराव आणि रुख्मिणी बांधावर बसली होती, जाळाची धग लागणार नाही इतक्या लांब. तिने त्याची भुवई ओल्या पदराने पुसली. त्याने तिला तुटक तुटक सगळं सांगितलं, खड्डा, मूठ, पत्रे, तारबाबू. ती ऐकत होती. दोन्ही हात पोटावर होते.

"मंग साह्यबाले हे कधी समजलं?"

"सकायी. गाड्या गेल्या अन् तासाभरात."

"अन् तुमी आता आले."

यावर सांगण्यासारखं पुष्कळ होतं. डॉक्टर नव्हता. भाषा परकी. जीभ लुळी. एनचा पत्रा एकच. यातलं एकही खोटं नव्हतं, आणि वाटेल ते सांगून तिची समजूत काढणं त्याला सहज जमलं असतं. पण समोर ती गाडी जळत होती.

"साह्यब बरोबर लिहून राह्यला होता," तो म्हणाला. "मीच त्याचं अक्षर सुधरून राह्यलो होतो."

"किती बखत?"

"तीन बखत."

जाळात काहीतरी फुटलं, बहुतेक चाकाची तुंबी, मधला गाभा.

"तिसऱ्या बखती ऊन कोठी आलं होतं?" तिने विचारलं.

"डोक्यावर."

"तवाच ते गठाण तापाले लागली," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. पाणी कधी उकळलं ते सांगावं तसं तिने सांगितलं.

जानरावाचे दात एकमेकांवर आपटू लागले. त्याने हात मांड्यांखाली दाबून धरले, तरी कापरं थांबेना. चैत्रातल्या त्या उकाड्यात तो हिवताप भरल्यासारखा हुडहुडत होता. रुख्मिणीने ती जळकी गोधडी त्याच्या अंगावर टाकली आणि त्याला धरून बसली.